तेविसावा शब्द

"ताई, सायकॉलॉजी शिकलेल्याले दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येते का?"

प्रश्न आला रोशनीच्या तोंडून, पण तो तिचा नव्हता. रंभा आणि बुधरी या तिच्या दोन मैत्रिणींनी डिवचून डिवचून तिला तो विचारायला लावला होता. नाही विचारला तर आठवडाभर दोघींच्या सायकली पुसायच्या, असं ठरलेलं. आता रोशनी मागं हटते होय? गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात हजेरी द्यायलासुद्धा अर्धवटच उभी राहायची. पण अकरावीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काय आला, तेव्हापासून पोरीच्या तोंडाला झाकण म्हणून राहिलं नव्हतं.

रोशनीच्या थोरल्या बहिणीनं, नूतननं, पलंगभर पसरलेल्या कागदांतून मान वर काढली. डोळ्यांखाली काळं, केसांत दोन पेनं खोचलेली, त्यातलं एक ती तासाभरापासून शोधत होती.

"मले माह्याच मनातलं ऐकाले टाइम नाई," ती म्हणाली. "तुमचं कुठी ऐकू?"

आणि तिनं भिंतीकडं बोट दाखवलं.

नूतन गडचिरोलीला खोली करून राहायची, एमएच्या शेवटच्या सेमिस्टरला होती आणि शनिवार-रविवार आरमोरीला घरी यायची. यायची म्हणजे कागदांचं गाठोडं घेऊन यायची. भिंतीवर चिकटवलेली यादी बुधरीनं मोठ्यानं वाचली: चार पेपर, प्रत्येकाच्या दोन अंतर्गत परीक्षा, एक सेमिनार, दहा प्रयोगांची वही, पाच केस स्टडी, दवाखान्यातले साठ तास आणि सगळ्यात खाली लाल शाईनं लघुप्रबंध. त्याच्यापुढं एप्रिलची वीस तारीख. वाचून झाल्यावर बुधरीनं विचारलं की हे सगळं एकाच माणसानं करायचं, की चार-पाच जणींत वाटून? रंभा खो खो हसली. नूतनही हसली.

रोशनी मात्र हसली नाही. कारण याच भिंतीवर, याच जागी, सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाची यादी होती.

ती तिच्या दादाची, राजदीपची. तो इंजिनीअरिंगला होता. दोन सेमिस्टरचे विषय राहिले ते त्यानं घरात कोणाला कळू दिलं नाही. मग बाबांना कुठूनतरी कळलं आणि एका सकाळी घरात असं काही बोलणं झालं की राजदीप पिशवी घेऊन कुरखेड्याला मित्राकडं निघून गेला. महिनाभरानं तो मित्राची मोटारसायकल घेऊन परत यायला निघाला. घरी पोचला नाही. वैरागडच्या पुढं, रस्ता जंगलातून जातो तिथं गाडी सापडली. पडलेली नाही, स्टँडवर नीट लावलेली, किल्ली गाडीलाच. माणूस नाही. कोणी म्हणालं वाघ, कोणी म्हणालं नदी, कोणी म्हणालं हैदराबादेत दिसला होता. सहा वर्षांत एक चिंधीसुद्धा हाती लागली नाही. मागच्या वर्षी बाबांनी हळूच पुण्यानुमोदनाचा विषय काढला. बौद्ध घरात माणूस गेल्यावर करतात तो विधी. आईनं हातातली भाजी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "कोणाचं?" त्यानंतर तो विषय निघाला नाही.

म्हणून रोशनीनं मनाशी पक्कं केलं होतं. ताईचं सेमिस्टर पार पडलंच पाहिजे. वीस तारखेला कागद जमा झालेच पाहिजेत. या भिंतीवरच्या यादीनं आणखी एक माणूस घराबाहेर काढायचा नाही.

* * *

लघुप्रबंधासाठी नूतनला तीस माणसांवर शब्दसाहचर्य चाचणी घ्यायची होती. नाव भारदस्त असलं तरी काम साधं. समोर माणूस बसवायचा, मानसशास्त्रात त्याला प्रयुक्त म्हणतात. मग यादीतला एकेक शब्द वाचायचा. ऐकल्याबरोबर मनात येईल तो एक शब्द त्यानं सांगायचा. शब्द उच्चारल्यापासून उत्तर येईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजायचं. तो प्रतिक्रियाकाल. असे पन्नास शब्द. झाल्यावर प्रयुक्ताला विचारायचं की अमुक शब्दाला अमुकच का सुचलं, तेही लिहायचं.

तीसपैकी अठरा नूतननं केले होते, नऊ कुरखेड्याला एका शिबिरात आणि नऊ वैरागडला. राहिलेले बारा आरमोरीत करायचे होते, आणि तेवढा वेळ तिच्यापाशी उरला नव्हता.

"मी घेते ना," रोशनी म्हणाली.

नूतननं तिला शिकवलं. आवाज एकसारखा ठेवायचा. मान हलवायची नाही. शाबास म्हणायचं नाही. उत्तर काहीही आलं तरी चेहरा कोरा. हे शेवटचं रोशनीला सगळ्यात जड गेलं. आरशासमोर उभी राहून ती कोरा चेहरा करायला शिकली.

पहिली रंभा. एकोणिसावी प्रयुक्त. दुपारची वेळ, परसात निंबाखाली दोन खुर्च्या, शेजारच्या अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड-आंबूस वास सगळीकडं भरलेला. रंभा ढिवराघरची, तिच्या बापाची तलावात जाळी. म्हणून पाणी म्हटलं की मासोळी, रात्र म्हटलं की जाळं, अशी तिची उत्तरं धडाधड येत होती. रोशनी मोबाइलचं घड्याळ दाबत होती आणि लिहीत होती.

बाविसावा शब्द मीठ. रंभा म्हणाली, "खारं."

रोशनीनं लिहून घेतलं आणि तेविसावा शब्द वाचायला तोंड उघडलं.

"येऊन राह्यलो," रंभा म्हणाली.

रोशनी थांबली. शब्द अजून वाचायचाच होता. यादीवर लिहिलेलं होतं, घर. तिनं चेहरा कोरा ठेवला, घर असं वाचलं. रंभा तिच्याकडं बघत राहिली, जणू उत्तर देऊन झालंय. रोशनीनं पुढचा शब्द वाचला, तशी रंभा पुन्हा पहिल्यासारखी धडाधड सांगू लागली.

शेवटी रोशनीनं वहीत बघत विचारलं, घर या शब्दाला येऊन राह्यलो का सुचलं? रंभानं भुवया वर केल्या. मी चूल म्हटलं, ती म्हणाली. रोशनीनं कागद दाखवला. रंभा म्हणाली, तूच काहीबाही लिहून माझ्या नावावर खपवून राह्यली. शिवाय एकच शब्द सांगायचा होता ना, मी दोन कशाला सांगीन?

ते तर खरंच होतं.

रोशनीला वाटलं, ही पैजेची पुढची पायरी. आधी प्रश्न विचारायला लावला, आता चाचणीत घोळ घालतात. दुसऱ्या दिवशी तिनं बुधरीला बसवलं, रंभाला न सांगता, बुधरी राहते त्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात. बुधरीच्या घरी गोंडी बोलतात. ती मराठी बोलते ती मोजून मापून, पुस्तकासारखी. एकोणिसाव्या शब्दाला तिनं नीट उत्तर दिलं. आणि विसावा शब्द वाचायच्या आधी सरळ समोर बघून म्हणाली, "येऊन राह्यलो."

बुधरी असं कधीच बोलत नाही. ती म्हणाली असती, येत आहे.

तेविसावा शब्द आला तेव्हा ती गप्प होती. त्याचं उत्तर आधीच देऊन झालं होतं.

* * *

शनिवारी नूतन आली ती एका केस स्टडीच्या मागं लागलेली. रोशनीनं तिला सगळं सांगितलं. नूतननं न बघताच सांगितलं की घड्याळ दाबायला चुकली असशील. मग म्हणाली, माझ्या अठरा कागदांची कॉम्प्युटरवर नोंद करायची राहिलीय, तेवढी करून दे, आणि पुन्हा खाली मान घातली.

रोशनी नोंद करायला बसली. तेविसाव्या शब्दाच्या रांगेवर आल्यावर तिचा हात मंदावला.

कुरखेड्याच्या नऊही कागदांवर उत्तर एकच. येऊन राह्यलो. वेळ पहिल्याचा दोन सेकंद, दुसऱ्याचा त्याहून थोडा कमी, नवव्याचा एक. वैरागडच्या नऊही कागदांवर तेच. वेळ अर्धा सेकंद, पाव सेकंद, आणि शेवटच्या तिघांपुढं नूतनच्याच अक्षरात शून्य. शेरा, शब्द पूर्ण होण्याआधी. नूतननं हे स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि पुढच्या कामाच्या ओढीत वाचलं नव्हतं.

आरमोरीला शून्याच्याही मागं गेलं होतं.

"ताई," रोशनी म्हणाली, "बाया-पोरी धरून वीसच्या वीस जण तेच सांगून राह्यले. आणि पोरी असून राह्यलो म्हणून राह्यल्या. राह्यली नाई. राह्यलो."

नूतनचं पेन थांबलं. स्क्रीनवरची रांग तिनं वरून खाली पाहिली, मग खालून वर. कुरखेडा, वैरागड, आरमोरी. स्वयंपाकघरात आई कुकरची शिटी मोजत होती. अंगणवाडीतून आली की ती थेट चुलीपाशीच जायची.

"डेटा हाय," नूतन शेवटी म्हणाली. "डेटाले नातं जोडाचं नाई."

पण ते ती रोशनीला सांगत नव्हती.

तिनं गाईड सरांना फोन केला. सरांना कागदांचे फोटो पाठवले होते, ते आधीच तापलेले होते. वीस प्रयुक्तांचं एकच उत्तर म्हणजे कागद घरी बसून भरले, असं परीक्षक मंडळ म्हणणार. मग थोडं निवळून म्हणाले की कधीकधी एखादा शब्दच बिघडलेला असतो. घर काढून टाका, दुसरा साधा शब्द घाला, उरलेले दहा नीट घ्या. वीस तारखेला तीस कागद नसले तर पुढच्या वर्षी भेटू.

घर काढून तिथं चमचा घातला. चमच्याला कोणाचं काय नातं?

रंभाचा आजा, इस्तारी, तलावाच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याच्या बोटांना थांबायची सवय नव्हती, म्हणून तो विणत विणतच उत्तरं देत होता. बारा शब्द झाले. त्याची बोटं थांबली.

"येऊन राह्यलो," म्हातारा म्हणाला. आवाज त्याचाच होता. बोलायची ढब त्याची नव्हती. घाईघाईनं, धापा टाकल्यासारखं, एखादा माणूस गाडीवरून बोलतो तसं.

मग बोटं पुन्हा चालू लागली.

रोशनीनं चेहरा कोरा ठेवला. पण घरी येताना सायकल चालवायची सोडून ती हातात धरून चालत आली. आपण बसलो तर मागं कॅरिअरवर कोणीतरी बसेल, असं तिला वाटत होतं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

भ्यायलाही वेळ लागतो, आणि तो त्या घरात कोणापाशी नव्हता. नूतन दोन पेपर देऊन आली, सेमिनार वाचून आली, दवाखान्याचे तास संपवून आली. रोशनी दिवसाला दोन प्रयुक्त करत राहिली. ते उत्तर यायचं दहाव्या शब्दानंतर. आठव्यानंतर. पाचव्यानंतर. तिनं नूतनला फोनवर विचारलं की बंद करू का? नूतन म्हणाली, आठ राहिले. मग म्हणाली, पाच राहिले. तिचा आवाज रोज थोडा सपाट होत चालला होता. एकदा रोशनीनं तिला भिंतीवरच्या यादीसमोर नुसतीच उभी राहिलेली पाहिली. वाचत नव्हती. नुसती उभी.

अठ्ठाविसाव्या प्रयुक्तानं दुसऱ्या शब्दानंतर सांगितलं.

एकोणतिसाव्या गिरजाबाई. समोरच्याच घरात राहायच्या, रस्त्याच्या पलीकडं. कानानं अधू. रोशनीनं शब्द मोठ्या अक्षरांत लिहून नेले होते, त्यांना वाचता यावेत म्हणून. गिरजाबाई खुर्चीत टेकल्या, पदर सारखा केला. रोशनीनं अजून पहिला कागद उलटलाही नव्हता.

"आलो," गिरजाबाई म्हणाल्या.

त्या रोशनीकडं बघत नव्हत्या. रोशनीच्या खांद्यावरून, रस्त्यापलीकडच्या रोशनीच्याच घराच्या दाराकडं बघत होत्या.

* * *

एकोणीस तारीख, रविवार, दुपारचे अडीच. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा नालीत जाऊन बसलेलं. बाबा, नागसेन, पंचायत समितीत लिपिक. रविवारची सुट्टी म्हणून पुढच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडलेले. कूलरचा घर्रघर्र आवाज. नूतन पलंगावर कागदांतच डोकं ठेवून झोपली होती. दोन दिवसांत तिनं पाठ टेकली नव्हती.

तिसावा प्रयुक्त यायचा होता, तो आला नाही. गावाला गेला, असा निरोप आला. दुसरं कोणी त्या उन्हात मिळेना.

आई पदराला हात पुसत आली आणि खुर्चीत बसली.

"माह्यावर घे," ती म्हणाली.

रोशनीनं टाळायला पाहिलं. म्हणाली, मी बघते कोणीतरी, तू राहू दे. आई म्हणाली, तिचं वर्ष जाईल. घे.

म्हणून रोशनीनं घड्याळ उघडलं.

पाणी. हंडा. रात्र. अंधार. हात. बांगडी. आई अंगणवाडीतल्या लेकरांना शिकवते तशी, नीट, स्पष्ट उत्तरं देत होती. प्रत्येक उत्तरानंतर रोशनी श्वास धरून थांबत होती. काही येत नव्हतं. दहा झाले. पंधरा झाले. काही नाही. रोशनीच्या खांद्यांवरचं ओझं हळूहळू उतरायला लागलं. विसाव्याला तर ती जवळजवळ हसली. कोरा चेहरा मोडला.

बाविसावा. मीठ.

"भाजी," आई म्हणाली.

तेविसावा. चमचा.

आई काही बोलली नाही.

घड्याळ पळत होतं. दहा सेकंद. वीस. रोशनीला वाटलं, ऐकू गेलं नाही. पण पुन्हा वाचायचा नियम नव्हता. आईची नजर दारावर लागली होती. दार नुसतं ओढलेलं होतं, फटीतून उन्हाची एक उभी रेघ आत आली होती.

चाळीस सेकंद. एक मिनिट.

रेघ मधूनच बुजली. कोणी समोर येऊन उभं राहिलं की बुजते तशी.

आईचे ओठ हलले.

"येऊ नको आज."

कूलर बंद पडला. लाइट गेली होती. त्या शांततेत नूतन जागी झाली. बाबांनी तोंडावरचा पेपर काढला.

आईच बोलायला लागली, चमच्याचं उत्तर समजावून सांगितल्यासारखं. प्रयुक्तानं शेवटी सांगायचं असतं तसं.

"त्या दिवशी त्याचा फोन मी उचलला होता. तुमाले सांगितलं का आवाज तुटत होता म्हणून. तुटत नव्हता. तो म्हणे, आई, येऊन राह्यलो. अर्ध्या रस्त्यात हाय म्हणे. बाबा त्या दिवशी लय तापलेले होते, त्याचं पत्र आलं होतं कॉलेजचं. मी म्हटलं, येऊ नको आज. उद्या ये म्हणणार होती. तेवढ्यात फोन कटला."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तो 'आज' शब्द त्याले ऐकू गेला का नाई, मले माहीत नाई. 'आज' आधी म्हणाले पाहिजे होतं. आज येऊ नको. मंग तरी समजलं असतं. मी मागून म्हटलं."

बाबा उठून बसले होते. सहा वर्षं त्यांना वाटत होतं की पोरगा आपल्या बोलण्यानं गेला. आईला ते दिसत होतं आणि तिनं त्यांना तसं वाटू दिलं होतं. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. बाबांनी हात लांब केला आणि आईच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"हा कागद नको देऊ," आई नूतनला म्हणाली.

नूतननं रोशनीच्या हातातून कागद घेतला आणि आईच्या मांडीवर ठेवला. प्रयुक्तानं नको म्हटलं की कागद परत, असा नियमच असतो. मग ती पलंगावर बसली आणि पसारा आवरायला लागली. आधी कागद, मग पुस्तकं, मग खुंटीवरचे दोन ड्रेस. सगळं एका पिशवीत.

"एकोणतीसवर चालत नाई," ती म्हणाली. "चारच्या गाडीनं जाते. सरांना सांगते, नाई झालं म्हणून. खोली सोडून देते."

आवाज इतका सपाट होता की त्यात कुठं चढ नव्हता, उतार नव्हता. रोशनीला पिशवी दिसत होती. पिशवीला धरलेला हात दिसत होता. आणि चार वाजताच्या उन्हात रस्त्याच्या कडेला एकटी उभी राहिलेली ताई दिसत होती. मग रस्ता दिसत होता आणि ताई दिसत नव्हती.

दारातली उन्हाची रेघ अजून बुजलेलीच होती.

बाबांनीही ती पाहिली. ते उठले, दाराशी गेले. दार उघडलं नाही. उंबऱ्याच्या आत चपलांची रांग होती, त्यांची, आईची, दोघी पोरींची. ते वाकले आणि एकेक जोड उचलून भिंतीकडं सरकवत गेले. एका जोडाची जागा मोकळी झाली. मग तिथंच उभे राहिले, पाठमोरे.

"तिसावी मी," रोशनी म्हणाली.

नूतन म्हणाली, तुले यादी पाठ हाय. पाठ असलेला प्रयुक्त चालत नाई.

"यादी पाठ हाय. उत्तर पाठ नाई कोणाले."

तिनं नूतनच्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली, तिला खुर्चीत बसवलं, घड्याळ तिच्या हातात दिलं. स्वतः समोरच्या खुर्चीत बसली, पण तोंड नूतनकडं केलं नाही. दाराकडं केलं. स्पर्धेच्या मंचावर उभी राहते तशी पाठ ताठ केली. पाय तिनं खुर्चीच्या पायांना अडकवून ठेवले.

"आई, बाबा," ती म्हणाली, "मी ठरवलं. ताईनं पहिला शब्द कोणताही वाचू दे. मी तेविसाव्याची वाट पाहणार नाई. मी पहिल्यालेच सांगीन, आत ये. आजच ये."